रद्दी नावाचं फोल्डर

"अहो, मांजर गुदमरेल ना ती!"

बस पवनारहून सुटता सुटता तो मुलगा चढला होता आणि नेमका इलाच्या शेजारी येऊन बसला होता. मांडीवरच्या पिशवीतून राखाडी, केसाळ असं काहीतरी बाहेर डोकावत होतं, आणि हा पठ्ठ्या त्याच पिशवीवर कोपर टेकवून खुशाल खिडकीबाहेर बघत बसलेला. इलाला कुणाचंही वाईट झालेलं बघवत नाही, मांजराचं तर नाहीच. त्यामुळे ती बोलली, आणि जरा जोरातच बोलली.

मुलगा दचकला. त्याने इलाकडे पाहिलं, मग पिशवीकडे... आणि असा खळखळून हसला, की पुढच्या सीटवरच्या संत्र्याच्या टोपलीवाल्या बाईही मागे वळल्या.

"मांजर नाई मॅडम. माईकची टोपी हाय. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून घालतो." त्याने ती केसाळ टोपी बाहेर काढून तिच्यापुढे धरली. "हात लावून पाहा. चावत नाई."

अख्खी बस हसली. इलाने हात लावला नाही. ती तोंड फिरवून बाहेरची कपाशी बघत राहिली. थंडीचे दिवस होते, बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती, आणि इलाचे गाल मात्र लाल. खरं सांगायचं तर हात लावावासा वाटला होता.

वर्ध्याला ती उतरली, तोही उतरला. ती वळली, तोही वळला. तिसऱ्या वळणावर ती थांबली.

"माझ्या मागे का येताय तुम्ही?"

"मी माह्या कामावर जाऊन राह्यलो. तुम्हीच काऊन माह्या पुढं पुढं चालून राह्यल्या?"

दोघांचं काम एकाच दारात निघालं.

ते एक छोटंसं रेडिओ केंद्र होतं. गावोगावची माणसं, त्यांची गाणी, शेतीच्या गोष्टी, बैलांच्या घुंगरांपासून पिठाच्या गिरणीपर्यंतचे आवाज... असलं सगळं तिथून ऐकवलं जायचं. ते आवाज गोळा करून आणणारा हा मुलगा म्हणजे ओमप्रकाश झाडे, आंजीच्या शेतकऱ्याचा पोरगा. आणि इला म्हणजे पवनारच्या शाळेतल्या सरांची मुलगी, कॉम्प्युटरची पदवी ताजी ताजी हातात आलेली. केंद्र चालवणाऱ्या अण्णाजींनी तिला महिन्याभरासाठी बोलावलं होतं.

"हा म्हातारा बघ," अण्णाजींनी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. "याला आता पुसून एका शाळेला द्यायचाय. याच्या पोटात गावागणिक फोल्डर आहेत आणि फोल्डरागणिक फायली. किती, ते देवालाच ठाऊक. सगळ्यांची यादी कर. यादीत असेल ते नव्या कॉम्प्युटरात जाईल, नसेल ते पुसलं जाईल. एकेक फोल्डर उघडून नावं उतरवायची म्हणजे महिना सहज जाईल तुझा."

इला मनातल्या मनात हसली. एकेक फोल्डर उघडून? तिने नोटपॅड उघडलं, चार ओळी खरडल्या आणि त्या बॅच फाईल म्हणून ठेवून दिल्या. ओळींचा अर्थ एवढाच, की प्रत्येक फोल्डरमध्ये जा, आतल्या एमपीथ्री गाण्यांची नावं वाच, सगळी एका ठिकाणी लिहून काढ आणि पुढच्या फोल्डरात शिर. दुसऱ्या दिवशी दोन-तीन गावांवर तिने ते चालवून पाहिलं. काळी खिडकी उघडली, मिटली, यादी तयार!

फक्त यादीत गावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती.

"हे काय केलं माह्या आंजीचं?" मागून आवाज आला. ओमप्रकाश चहाचे दोन कप घेऊन उभा होता.

"त्याला मराठी वाचता येत नाही."

"मंग शिकवा ना त्याले."

इलाने वरती आणखी एक ओळ टाकली आणि फाईल पुन्हा चालवली. या वेळी प्रश्नचिन्हं गेली आणि ठसठशीत अक्षरांत नाव उमटलं, आंजी (मोठी). ओमप्रकाश स्क्रीनकडे असा बघत राहिला, जसं गावात पहिल्यांदा डांबरी रस्ता आला असावा.

"बाप्पा! इतक्या लवकर? म्हणजे आजच पूरं होते तुमचं काम?"

"हो... आजच."

आज काम झालं तर उद्या यायचं कशाला? आपण हुशारी दाखवायला गेलो, आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला की काय! मग तिची बोटं आपोआप कीबोर्डवर गेली आणि तिने फाईलीत आणखी एक शब्द घातला. पॉज. आता प्रत्येक गावानंतर काळी खिडकी थांबणार होती, आणि कुणीतरी बटण दाबल्याशिवाय पुढे सरकणार नव्हती.

"हे काऊन थांबलं?"

"तपासायला नको का?" इला अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "तुम्ही रेकॉर्डिंग केलंय. गावात काय काय केलंत ते सांगायचं, मी नावं ताडून बघणार. मग तुम्ही बटण दाबायचं."

"कोणतं?"

"कोणतंही."

ओमप्रकाशने बटणांकडे पाहिलं, इलाकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसला. बटण काही दाबलं नाही. तो आंजीबद्दल बोलायला लागला.

अशी ती यादी सुरू झाली. दिवसाला दोन गावं, फार तर तीन. तो गोरसपाक बिस्किटांची पुडी आणायचा, ती चहा सांगायची. गाव उघडायचं आणि गोष्ट सुरू व्हायची. कुठे गाय माईक चाटून गेली, कुठे सरपंच भाषण थांबवायलाच तयार नव्हते. इला हसून हसून वेडी व्हायची आणि म्हणायची, "दाबा आता बटण!" तो म्हणायचा, "थांबा ना, अजून एक राह्यली." अण्णाजी येता-जाता बघायचे आणि 'पोरगी सावकाश पण नीट काम करते' असं म्हणून समाधानाने निघून जायचे.

आणि सकाळची बस होतीच. ओमप्रकाश रोज पवनारलाच चढायचा. आंजी पार दुसऱ्या बाजूला, तरी रोज हा पहाटे उठून धाम नदीवर हजर!

"रोज तीच नदी काय रेकॉर्ड करता हो?"

"नदीचा आवाज रोज येगळा असते."

"खरंच?"

"हाव. तुम्ही एक दिवस आल्या तं ऐकवतो." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग घाईने, "म्हणजे... काम नसलं तं."

ती गेली नाही. पण त्या दिवशी बसमध्ये तिने ती माईकची टोपी आपणहून मांडीवर घेतली, आणि वर्धा येईपर्यंत तिच्यावरून हात फिरवत राहिली. मऊ होती.

केळझरचं फोल्डर उघडलं, त्या दिवशी मात्र ओमप्रकाश हसला नाही.

"हे जयवंताबाईचं हळदीचं गाणं," त्याने एका नावावर बोट ठेवलं. "गणपतीच्या देवळापाशी घर हाय तिचं. मागच्या वर्षी सकाळभर गायली. नंतर घशाचं ऑपरेशन झालं. बोलते, पण आता गाता येत नाई. नातीचं लग्न हाय, छायाचं. म्हणे, पोरा, माह्या छायाच्या हळदीले माह्यंच गाणं वाजलं पायजे. मी शब्द देऊन बसलो."

"मग काळजी कशाची? यादीत आहे ना ते." इलाने नाव पुन्हा वाचून खात्री केली. "मी जपून ठेवेन. माझी जबाबदारी."

त्याने स्क्रीन सोडून तिच्याकडेच पाहिलं. बटण तिनेच दाबलं.

मग एका दुपारी खिडकीत नाव आलं, रद्दी. खाली गाण्याचं एकही नाव नाही.

"हे कुठलं गाव?"

ओमप्रकाशचे कान लाल झाले. "गाव नाई. रद्दीच हाय. बिघडलेलं, उरलंसुरलं... दाबा बटण." आणि इतके दिवस बटणाच्या वाटेला न जाणाऱ्या त्या मुलाने पुढे वाकून चटकन स्वतःच बटण दाबलं. इलाला गंमत वाटली. बिघडलेल्या कामाची लाज वाटते बिचाऱ्याला, असं समजून तिने यादीत 'रद्दी' पुढे लिहिलं, पुसायला हरकत नाही.

यादी एकदाची संपली. नव्या कॉम्प्युटरात फायली उतरवायचे आणखी काही दिवस मिळाले, तेही संपत आले. शेवटच्या दिवशी ओमप्रकाश नव्हताच. तो छायाच्या हळदीसाठी सकाळीच केळझरला गेला होता. रिकाम्या खुर्चीकडे बघत इला आवराआवर करत होती. उद्यापासून बस नाही, गोरसपाक नाही, बटण नाही. महिनाभर एवढं बोललो आणि एक साधी गोष्ट काही बोलता आली नाही आपल्याला. तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. ओमप्रकाश! मागे सनई, बायकांचा गलका.

"इला, जयवंताबाईचं गाणं पाठवजो ना मोबाईलवर. दुपारी हळद हाय."

"लगेच पाठवते!" तिने फाईल उघडली, ऐकायला लावली. खणखणीत, गोड आवाज आला. तिच्या अंगावर काटा उभा राहिला. आणि दोन मिनिटांत गाणं मध्येच तुटलं, पुढे केंद्राच्या जाहिरातीची धून. "अहो... हे तर कापलेलं आहे. पूर्ण गाणं कुठंय?"

पलीकडचा गलका कमी होत गेला, तो मांडवाबाहेर आला असावा.

"ओमप्रकाश? पूर्ण गाणं कुठंय?"

"रद्दीत," तो म्हणाला.

रेडिओवर लावायचे छोटे तुकडे एमपीथ्रीत, गावांच्या फोल्डरात. आणि माईकवरून उतरवलेली मूळ, लांबलचक रेकॉर्डिंगं वेगळ्या प्रकारच्या फायलीत, सगळी त्या रद्दीत! इलाच्या बॅच फाईलीने फक्त एमपीथ्री विचारलं होतं. जेवढं विचारलं तेवढंच तिने सांगितलं, बिचारीचं काय चुकलं.

"मग रद्दी नाव कशाला दिलंत?"

"कोणी उघडू नये म्हणून... मी सोमवारी काढून घेणार होतो. म्हातारा सोमवारी जाणार होता ना?"

इलाने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. "अण्णाजी! जुना कॉम्प्युटर कुठंय?"

"काजलकडे पाठवला ना सकाळीच," आतून अण्णाजी म्हणाले. "तिला आज वेळ होता. तुझी यादीही दिली सोबत."

काजल म्हणजे बाजारातली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. तिचा फोन लागेना. इलाने अण्णाजींची स्कूटी काढली ती ओढणीसुद्धा नीट न सावरता. 'माझी जबाबदारी' म्हणालो होतो आपण. जयवंताबाईचा गळा तर आता परत येणार नव्हता, आणि जे काय उरलं होतं त्याच्यापुढे आपणच आपल्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, पुसायला हरकत नाही! तिचे डोळे भरून आले, आणि समोर बघते तर रस्ता बंद. बाजार समितीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, एकीला लागून एक, हलायचं नाव नाही. इलाने स्कूटी तशीच एका पानठेल्यापाशी लावली आणि गाड्यांच्या मधून पळत सुटली. केसांत कापूस अडकत होता. दुकानाचा जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

"थांब! पुसू नकोस!"

काजल बशीत चहा ओतून फुंकर मारत होती. समोर स्क्रीनवर प्रश्न उभा होता, सगळं पुसायचं, नक्की ना?

"नाई पुसलं वं, बैस," काजल शांतपणे म्हणाली. "माह्या दुकानाचा कायदाच हाय. कोणतीबी डिस्क पुसायच्या आधी मी एक चहा पेतो. तेवढ्या येळात अर्धे गिऱ्हाइकं पळत येते."

इला मटकन खुर्चीत बसली, हसली, रडली, पुन्हा हसली आणि तिने काजलच्या बशीतला चहा पिऊन टाकला. मग ओमप्रकाशला फोन लावला, पण तो उचलेना. फोनवर काजलचं नाव ऐकूनच तो मांडवातल्या कुणाची तरी मोटारसायकल घेऊन निघाला असणार.

"रद्दीत काय काय आहे बघू आधी," म्हणत तिने आपली बॅच फाईल पुन्हा उघडली. या वेळी एमपीथ्री खोडलं आणि जे असेल ते सगळं विचारलं. पॉजही काढून टाकला. काळ्या खिडकीत नावं सरसर वर जाऊ लागली. केळझर जयवंताबाई, होतं! पूर्ण! काजलने ते लगेच पेनड्राईव्हवर घेतलं. पण नावं थांबेनात. पवनार. पवनार. पवनार. खाली सगळं पवनारच.

"इतकी नदी कायले लागते बापा?" म्हणत काजलने त्यातली एक फाईल लावली.

पाण्याचा आवाज, लांब कुठेतरी कोंबडा. मग ओमप्रकाशचा दबका आवाज.

"ठिकाण पवनार, धाम नदीचा काठ. येळ सकाळची. वारा नाई. काल बसमंदी एक पोरगी भेटली. माईकच्या टोपीले मांजर म्हणे. आता स्टॉपवर जातो. आज नाव विचारतो."

इला जागीच थिजली. काजलने बशी खाली ठेवली आणि दुसरी फाईल लावली.

"ठिकाण पवनार. वारा हाय थोडा. इला नाव हाय तिचं, कामावर समजलं. आज सांगतो."

तिसरी. "ठिकाण पवनार. धुकं हाय. काल नाई सांगतलं. आज सांगतो."

चौथी. "पवनार. तिनं टोपी मांडीवर घेतली. मी काईच नाई बोललो. मी बैलच हाय. आज पक्कं."

दुरुस्तीला आलेली दोन गिऱ्हाइकं खुर्च्या ओढून जवळ आली. काजल फाईलीमागून फाईल लावत होती, नदी वाहत होती, आणि प्रत्येक सकाळी तोच आवाज म्हणत होता, आज पक्कं, आज पक्कं सांगतो. इलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. बोटांच्या फटीतून तिचं हसू मात्र सगळ्यांना दिसत होतं.

"पुसलं तं नाई ना?"

दारात ओमप्रकाश उभा होता. हेल्मेट डोक्यावरच, धाप लागलेली, शर्टाला हळद. आणि त्याच क्षणी स्पीकरवर तोच ओमप्रकाश म्हणाला, "लय आवडते ते मले. आज पक्कं सांगतो."

त्याला जमिनीने पोटात घेतलं असतं तर तो आनंदाने गेला असता.

"मंग सांग ना, बाबू," काजल म्हणाली. "समोर बसली हाय ते."

ओमप्रकाश नुसताच हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिला. इला उठली. तिने त्याच्या खांद्याच्या पिशवीतून माईक काढला, केसाळ टोपी नीट बसवली, रेकॉर्डर सुरू केला आणि माईक त्याच्यासमोर धरला.

"ठिकाण?" तिने विचारलं.

"वर्धा," तो पुटपुटला. "काजलचं दुकान."

"वारा?"

"नाई. पंखा हाय."

"समोर कोण?"

"इला." आता त्याने मान वर केली. "मले तू लय आवडते, इला. पयल्या दिवशीपासून. रोज सांगाले येत होतो, आणि नदीलेच सांगून परत जात होतो."

इलाने माईक आपल्याकडे वळवला. सरांची मुलगी, आयुष्यभर शुद्ध मराठीत बोललेली... पण तेव्हा तिच्या तोंडून आलं ते असं.

"मले बी. कामाले पॉज काऊन टाकला होता, तुले वाटते?"

दुकानात टाळ्या पडल्या. काजलने रेकॉर्डर हातातून काढून घेतला. "आणा इकडं. हे नाई जाऊ द्यायचं रद्दीत." कॉम्प्युटरशी काहीतरी खुडबुड करून तिने पेनड्राईव्ह इलाच्या हातात ठेवला आणि दोघांना जिन्याकडे ढकललं. "पळा आता. हळद थांबली हाय तिकडं!"

मोटारसायकल निघाली. पवनारच्या पुलावर ओमप्रकाशने गाडी हळू केली, खाली धाम नदी उन्हात चमकत होती. "खरंच रोज येगळा आवाज असते," तो म्हणाला. "माहीत आहे," मागून इला म्हणाली, "ऐकलाय मी," आणि तिने त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढला नाही.

केळझरला मांडव भरला होता. छाया पाटावर बसली होती, बायकांचे हात हळदीने पिवळे, आणि जयवंताबाई खांबाला टेकून वाट बघत होत्या. ओमप्रकाशने पेनड्राईव्ह स्पीकरवाल्याला दिला. त्याने पहिलीच फाईल लावली.

"ठिकाण?" मांडवभर इलाचा आवाज घुमला. "वर्धा. काजलचं दुकान..."

ओमप्रकाश स्पीकरवाल्याकडे झेपावला, पण मधे पंगतीची भांडी, नवरीचा पाट, शंभर पाहुणे! तो पोचेपर्यंत 'मले तू लय आवडते' झालं होतं, 'मले बी' झालं होतं, दुकानातल्या टाळ्याही वाजून गेल्या होत्या. सगळ्या माना इलाकडे. इला खाली बघून आपल्या केसांतला कापूस वेचत राहिली.

आणि मग पुढची फाईल आपोआप सुरू झाली. जयवंताबाईचा आवाज उठला, तरुण, खणखणीत, न तुटणारा. म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, शब्द फुटला नाही, पण गाणं मांडवात पूर्ण वाजत राहिलं, आणि छाया रडत रडत हसत राहिली.

गाणं संपलं तशा जयवंताबाई उठल्या. हळदीची वाटी घेऊन सावकाश चालत आल्या, ओमप्रकाशला हाताला धरून ओढत आणला आणि इलाशेजारी उभा केला.

"पोरा, तू शब्द पाळला," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. मग वाटीत डोकावून पाहिलं. "हळद बाकी उरली हाय. लावू का दोघाले?"

ओमप्रकाशने इलाकडे पाहिलं. इलाने आपला गाल पुढे केला.